मधुमेहींच्या फाईलमधलं न मांडलेलं गणित: सिंधुदुर्गातलं एक प्रकरण

वय ६१, स्त्री. मधुमेह ११ वर्षांचा. मालवण तालुक्यात खाडीकाठी घर, थोडी भातशेती, चार माड, आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत उतरून कालवं-तिसऱ्या काढायचा पिढीजात उद्योग. दारू कधी नाही, मशेरी आहे. उंची १५० सेंटिमीटर, वजन ५४ किलो, म्हणजे बीएमआय २४. अंगकाठी पाहून कोणीही त्यांना बारीकच म्हणेल. औषधं मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, तीही बहुतेक नियमित. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकड्यांना मात्र हात लावलेला नाही, कारण मधुमेहीच्या यकृताचं हे सगळं प्रकरण आकड्यांचंच आहे. मी त्यांना काकी म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

काकी माझ्याकडे आल्या त्या मधुमेहासाठी नाही. आषाढात लावणी उरकली आणि त्यांना थंडी वाजून ताप भरला. डोळे लालबुंद, आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की दवाखान्याची पायरी चढवेना. प्लेटलेट ८४ हजार. यकृताची एन्झाइम्स, एसजीओटी १२८ आणि एसजीपीटी ८१, दोन्ही चढलेली. पावसात चिखलात राबलेलं माणूस असं आलं की आमच्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) आधी मनात येतो, मग डेंगू आणि मलेरिया. दोडामार्ग-सावंतवाडीकडचा रुग्ण असेल आणि दिवस उन्हाळ्याकडचे असतील तर माकडतापही (गोचिडीतून होणारा विषाणूचा ताप) धरावा लागतो. काकींना लेप्टोच निघाला. किडन्या सांभाळल्या गेल्या, कावीळ झाली नाही, डॉक्सिसायक्लिनने ताप उतरला आणि त्या घरी गेल्या. इथवर काही वेगळं नाही. दर पावसाळ्यात असे रुग्ण येतात.

खरी गोष्ट गणपतीच्या आधी सुरू झाली. तापानंतर दीडेक महिन्याने रक्त पुन्हा तपासलं. प्लेटलेट १ लाख ६२ हजार, एसजीओटी ४४, एसजीपीटी ३६. लॅबच्या कागदावर प्लेटलेटची खालची मर्यादा दीड लाख, एसजीपीटीची वरची ४०. सगळ्या रिपोर्टात एकाच ओळीपुढे तारा होता, एसजीओटीच्या, आणि तोही चारच अंकांनी वर. कोणीही "आता सगळं ठीक आहे" म्हणून कागद बाजूला ठेवला असता. मला खटकलं ते एवढंच: लेप्टो बरा झाल्यावर प्लेटलेट नुसत्या वर येत नाहीत, चांगल्या उसळी मारून वर येतात. काकींच्या मात्र दीड लाखाच्या जेमतेम वर येऊन थांबल्या होत्या. म्हणून जुने कागद आणायला सांगितले.

ते आले प्लास्टिकच्या पिशवीत. शिबिरातल्या साखरेच्या चिठ्ठ्या, गोळ्यांच्या पाकिटांची कापलेली टोकं, डोळ्यांच्या तपासणीचा कार्ड, आणि मधूनमधून रक्ताचे पूर्ण रिपोर्ट. त्यांतले दोन कामाचे निघाले.

पहिला, वय ५६ असतानाचा: एसजीओटी ३१, एसजीपीटी ४२, प्लेटलेट २ लाख २१ हजार. दुसरा, वय ५८ चा: एसजीओटी ३७, एसजीपीटी ३९, प्लेटलेट १ लाख ८७ हजार. आणि आताचा: ४४, ३६, १ लाख ६२ हजार.

हे तीन कागद शेजारी-शेजारी ठेवून पाहा. पहिल्या रिपोर्टात एसजीपीटीपुढे तारा होता. दुसऱ्यात तो गेला. तिसऱ्यात एसजीपीटी आणखी खाली आलं. यकृताची तब्येत फक्त एसजीपीटीवर जोखायची आपल्याकडे सवय आहे. त्या सवयीने पाहिलं तर बाई पाच वर्षांत सुधारत गेल्या. प्रत्यक्षात नेमकं उलट घडत होतं. एसजीओटी हळूहळू चढत होतं, प्लेटलेट हळूहळू उतरत होत्या, आणि दोन्ही इतक्या सावकाश की एकाही कागदावर, एकट्याने वाचलं तर, काही दिसू नये.

या तिन्ही आकड्यांना वयाशी जोडणारं एक साधं सूत्र आहे, फिब-४. ते २००६ मध्ये एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी अशा दोन्ही लागणी एकत्र असलेल्या रुग्णांसाठी मांडलं गेलं. पुढे फॅटी लिव्हरसाठीही, म्हणजे यकृतात चरबी साठण्याच्या आजारासाठीही, ते उपयोगी ठरलं. वयाला एसजीओटीने गुणायचं. एसजीपीटीचं वर्गमूळ काढून त्याला प्लेटलेटने (हजारांत) गुणायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. काकींचा आताचा हिशोब असा: ६१ गुणिले ४४ म्हणजे २६८४. ३६ चं वर्गमूळ ६, गुणिले १६२ म्हणजे ९७२. भागाकार २.७६.

उत्तर १.३ च्या खाली आलं तर यकृतात गंभीर वण पडल्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर आलं तर शक्यता बरीच. मधलं आलं तर पुढची तपासणी केल्याशिवाय काही सांगता येत नाही. हाच हिशोब जुन्या कागदांवर केला तर ५६ व्या वर्षी १.२१ येतो आणि ५८ व्या वर्षी १.८४. म्हणजे तीन वर्षांपूर्वीच काकी "पुढे तपासा" या पट्ट्यात शिरल्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या रक्तातून काही वेगळं काढायची गरज नव्हती. सगळे आकडे छापून हातात होते. फक्त गुणाकार-भागाकार कोणी केला नव्हता.

याचा दोष कोणा एका डॉक्टरवर टाकायचा माझा हेतू नाही. गर्दीच्या ओपीडीत मधुमेहाच्या रुग्णाची साखर पाहायची, रक्तदाब पाहायचा, पाय पाहायचे, वर्षातून एकदा डोळे आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं, एवढं बसवलं तरी खूप झालं असं आपण सगळेच मानत आलो. यकृत त्या यादीत नव्हतंच. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांत आता स्पष्ट म्हटलं आहे की प्रकार २ चा मधुमेह किंवा मधुमेहपूर्व अवस्था असलेल्या प्रत्येक प्रौढाची फिब-४ ने चाळणी करावी, यकृताची एन्झाइम्स नॉर्मल असली तरीही. आपल्या केंद्र सरकारनेही २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. कागदावर गोष्ट आलेली आहे. तालुक्याच्या दवाखान्यातल्या टेबलापर्यंत ती अजून नीटशी पोचलेली नाही, आणि मला कळकळीने लिहावंसं वाटतं ते यासाठीच. जगभरच्या अभ्यासांत प्रकार २ च्या मधुमेहींपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांच्या यकृतात चरबी आढळते. त्यातल्या बहुतेकांचं यकृत पुढे बिघडत नाही. ज्यांचं बिघडतं त्यांना वेळेत वेगळं काढणं, एवढंच चाळणीचं काम.

"ग्रेड १" चा दिलासा

काकींच्या पिशवीत सोनोग्राफीचाही एक जुना रिपोर्ट होता: "फॅटी लिव्हर, ग्रेड १". नवीन केली, तीही तशीच आली. "ग्रेड १ म्हणजे सुरुवात आहे, घाबरू नका, तेलकट कमी खा" हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक गावात कोणीतरी कोणालातरी सांगितलेलं आहे.

सोनोग्राफीचा ग्रेड चरबी किती पांढरी दिसते ते सांगतो. यकृत किती घट्ट झालंय, त्यात वण किती पडलेत, हे त्यातून कळत नाही, निदान सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात तरी नाही. उलट वण वाढत वाढत सिरॉसिसकडे गेलं की यकृतातली चरबी कमीही होते. तेव्हा ग्रेड ३ असलेला तिशीतला जाडजूड तरुण आणि ग्रेड १ असलेल्या साठीतल्या काकी, यांत धोका कोणाला जास्त, हे ग्रेडवरून ठरवायला गेलात तर फसाल. रुग्णाचं पुढे काय होणार हे ठरतं वणावर, म्हणजे फायब्रोसिसवर.

प्लेटलेट का उतरतात, हेही इथेच सांगून टाकतो, कारण पेशंट नेहमी विचारतात. यकृतात वण पडले की त्यातून जाणाऱ्या रक्ताला वाट अरुंद होते आणि मागे दाब वाढतो. तो दाब प्लीहेवर येतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट स्वतःत अडकवून ठेवते. शिवाय प्लेटलेट बनवायला सांगणारा संदेश देणारं रसायन यकृतातच तयार होतं, तेही घटतं.

आता कोकणातली खास अडचण. तापाच्या दिवशीचे आकडे घेऊन हाच हिशोब केला असता तर काकींचा फिब-४ १०.३ आला असता. भयंकर दिसणारा आणि काहीच न सांगणारा आकडा. लेप्टो, डेंगू, मलेरिया, माकडताप, सगळ्यांत प्लेटलेट पडतात आणि बहुतेकांत एन्झाइम्स चढतात. म्हणून जून ते ऑक्टोबर तापाच्या कोणत्याही रुग्णाचं हे गणित मांडू नये. ताप उतरून महिना-दीड महिना गेला की मग मांडावं. शक्यतो डिसेंबरनंतर, शेतं मोकळी असताना. दुसऱ्या मर्यादाही आहेत. पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचं नाही. पासष्टीच्या पुढे वयच आकडा फुगवतं, म्हणून तिथे खालची रेघ १.३ ऐवजी २ धरतात.

"लोक काय म्हणतले?"

यकृताचं नाव काढताच काकींचा चेहरा उतरला. "डॉक्टरांनू, आमच्या घरात दारूचो थेंब नाय. लोक काय म्हणतले? लिवर म्हटल्यार बेवडेच येतत डोळ्यांसमोर."

त्यांच्या वाडीत दोन जण पोटात पाणी होऊन गेलेले, दोघेही पिणारे. त्यामुळे ही भीती मला हलकी वाटली नाही. सुनेसमोर, पुतण्यासमोर आवाज जरा मोठा करून सांगितलं की हा मधुमेहाचाच भाग आहे, जसे डोळे आणि किडनी तसंच यकृत. २०२३ मध्ये तर जागतिक पातळीवर या आजाराचं अधिकृत नावच बदललं आणि चयापचयाच्या बिघाडाशी जोडलं गेलं. काकींना त्या नावाशी देणंघेणं नव्हतं. पुतण्याने "म्हणजे दारूचा नाय हां" असं म्हटलं, तेव्हा त्या पुढचं ऐकायला तयार झाल्या.

बारीक माणसाला फॅटी लिव्हर कसं, हा सुनेचा प्रश्न होता आणि तो योग्यच होता. आपल्या लोकांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात. २५ ची वाट पाहत नाहीत. काकी २४ वर होत्या. त्यांची कंबर भरली ८८ सेंटिमीटर. बायकांसाठी मर्यादा ८०, पुरुषांसाठी ९०. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण, आणि चरबी आत, यकृताभोवती आणि यकृतात. गंमत म्हणजे हा कंबरेचा आकडा घरी आधीच लिहिलेला होता. आशाताईंनी तपासणीच्या फॉर्मवर टेप लावून तो केव्हाच नोंदवला होता. दवाखान्यात वजनकाटा असतो, टेप बहुधा नसते. माझ्या मते मधुमेहाच्या ओपीडीत टेपला काट्याइतकंच स्थान असायला हवं.

इतर कारणं नाकारणं गरजेचं होतं. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. थायरॉइड ठीक. लोहाचं प्रमाण आणि स्वतःच्याच यकृतावर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडीज, यांतही काही निघालं नाही. एक गोष्ट मात्र खोदून विचारल्यावर निघाली: रोज सकाळी अनशापोटी गुळवेल आणि कारल्याचा काढा, "साखरेसाठी". २०२०-२१ मध्ये गुळवेलीचा काढा घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले, त्यावर बराच वादही झाला. काकींच्या बाबतीत पाच वर्षांची चढण काढ्याने झाली असं मला वाटत नाही. काढा वर्षभराचाच होता. तरी आधीच थकलेल्या यकृतावर शंकेची गोष्ट कशाला, म्हणून तो बंद केला. परसातली वेल तोडायला लावली नाही, एवढा समझोता झाला.

गोव्याची फेरी

फिब-४ मोठा आला म्हणजे निदान झालं असं नाही. ती चाळणी आहे. पुढची पायरी इलास्टोग्राफी, लोक जिला फायब्रोस्कॅन म्हणतात. उजव्या बरगड्यांवर एक यंत्र टेकवतात, ते हलका ठोका देतं, आणि त्या ठोक्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते त्यावरून यकृत किती घट्ट आहे ते किलोपास्कलमध्ये मोजतं. सुई नाही, दुखत नाही, पंधरा मिनिटांचं काम. त्याआधी निदान तीन तास पोट रिकामं हवं, नाहीतर आकडा खोटा चढतो.

आमच्या तालुक्यात ते यंत्र नाही. इथल्या माणसाला अशा गोष्टीसाठी गोवा, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. म्हणजे एक अख्खा दिवस, सोबत एक माणूस, गाडीखर्च, आणि घरात कापणी असेल तर ती अडलेली. काकींनी तारीख पुढे ढकलली, भात घरात आल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या, आणि मीही धरून बसलो नाही. वर्षांनुवर्षं पडत आलेले वण दोन महिन्यांत कुठे जाणार नव्हते. पण यातूनच फिब-४ ची खरी किंमत कळते. जिथे यंत्र रस्त्याच्या पलीकडे आहे तिथे कोणालाही पाठवता येतं. इथे कोणाला पाठवायचं आणि कोणाला नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला सरकारी दवाखान्यातही होणाऱ्या दोन साध्या तपासण्या पुरतात.

दिवाळीनंतर पुतण्या त्यांना घेऊन गेला. आकडा आला १३.८. आठच्या खाली असता तर निश्चिंत झालो असतो. बाराच्या वर म्हणजे पुढच्या टप्प्यातलं फायब्रोसिस असण्याची दाट शक्यता. यकृततज्ज्ञांनी सगळे कागद एकत्र पाहून बायोप्सीची गरज नाही असं ठरवलं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहायची एंडोस्कोपीही सध्या नको म्हणाले: यकृताचा घट्टपणा २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर धोकादायक शिरा सापडण्याची शक्यता फार कमी असते. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी मात्र सांगितली, यकृतात गाठ तर होत नाही ना ते पाहायला. पोटात पाणी नव्हतं, कावीळ नव्हती, यकृताचं काम व्यवस्थित चालू होतं. म्हणजे त्या जिथे सापडल्या तिथून अजून वाट होती.

औषधं

पहिली दुरुस्ती यकृताच्या औषधाची नव्हती. काकींचं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात "लिव्हर वाढलंय" म्हणून बंद केलेलं होतं. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२. फॅटी लिव्हर असलेली माणसं सर्वाधिक दगावतात ती हृदयविकाराने, आणि स्टॅटिन फॅटी लिव्हरमध्ये सुरक्षित आहे. यकृत पूर्ण कोलमडलेलं असेल तेव्हाच सावध राहायचं. थोडंसं एसजीओटी पाहून स्टॅटिन काढणं हे मी इतक्या वेळा पाहिलंय की इथे ठळक सांगायला हवं: असं करू नका. ते पुन्हा सुरू केलं.

एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ८.४ होतं. मेटफॉर्मिन चालू ठेवलं; वणांवर त्याचा उपयोग नाही, पण साखरेसाठी ते हवंच. ग्लिमेपिराइड कमी करत बंद केलं. त्याजागी पायोग्लिटाझोन कमी मात्रेत आणि सोबत डापाग्लिफ्लोझिन. पायोग्लिटाझोन जुनं आणि स्वस्त औषध आहे, यकृताच्या सुजेवर त्याचा पुरावा चांगला आहे. पण ते अंगात पाणी धरतं, वजन वाढवतं आणि साठीतल्या बाईची हाडं ठिसूळ करू शकतं. हृदयाची सोनोग्राफी करून घेतली, हाडांची घनता पाहिली, मगच दिलं. डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतं, त्यामुळे दोघांची जोडी जमते. फक्त लघवीच्या जागेची स्वच्छता आणि खाज याबद्दल बाईमाणसाशी आधीच मोकळेपणी बोलून ठेवावं लागतं, आमच्या सिस्टरनी ते केलं. आठवड्याच्या इंजेक्शनांबद्दल, म्हणजे सेमाग्लुटाइडबद्दल, यकृततज्ज्ञांनी सांगितलं होतं. ते औषध अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये याच आजारासाठी मान्य झालं. त्या घराला तो खर्च तेव्हा झेपणारा नव्हता. शिवाय काकींना भूक मारणारं औषध द्यायला माझाही हात जरा आखडला, कारण पुढे सांगतो.

ताट आणि खाडी

सरसकट सल्ला असतो "वजन सात ते दहा टक्के कमी करा". जाड माणसासाठी तो बरोबर आहे: पाच टक्क्यांनी चरबी उतरते, दहाच्या आसपास गेलं तर वणही सुधारू शकतात. काकींसारख्या सडपातळ माणसाला तीन ते पाच टक्केही पुरतात, आणि इथे दुसरं संकट मोठं आहे: वजनाबरोबर स्नायू गेले तर यकृताचा रुग्ण झपाट्याने खचतो. म्हणून काकींना सांगितलं ते पोट कमी करायला, पण ताटातलं प्रथिन वाढवून. त्यांच्या वजनाला दिवसाला साधारण ६५ ते ८० ग्रॅम.

त्या काय खात होत्या ते दिवसभराचं विचारून घेतलं. सकाळी चहा आणि बेकरीतले बटर, दहाला उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि कढी, त्यात माशाचे दोन लहान तुकडे कारण मोठे पुतण्याला, संध्याकाळी पुन्हा चहा-बटर, रात्री भात. घरात मासे येतात आणि घरातल्या बाईच्या ताटात येतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुनेशी बोलणं झालं ते यावर. रात्रीचा भात गेला, तिथे भाकरी आणि कुळथाची पिठी. पेज राहिली, पण वाटी लहान आणि सोबत अंडं किंवा उसळ. बांगडा, तारली ही स्वस्त मासळी तळण्याऐवजी तिखल्यात, आणि तुकडे मोठे, काकींच्या ताटात. चहातली साखर गेली, बटरही गेले. ते सगळ्यात जड गेलं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सगळं घर सुक्या मासळीवर येतं, त्यात मीठ भरपूर. त्या दिवसांसाठी कुळीथ, वाल, अंडी असं आधीच ठरवून दिलं. खोबऱ्यावर मी बंदी घातली नाही. वाटप निम्मं केलं, एवढं पुरे.

उपासाचा प्रश्न अवघड होता. श्रावणी सोमवार, संकष्टी, एकादशी. "सोमवार मात्र मी सोडूचंय नाय," हे त्यांनी आधीच सांगितलं. दिवसभर काही नाही आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, यात साखर वर-खाली होते आणि लांबलेल्या उपाशीपणात यकृताच्या रुग्णाचं शरीर स्नायू तोडून काम भागवतं. शिवाय डापाग्लिफ्लोझिन घेत असताना पोट रिकामं ठेवणं बरं नाही. तोडगा निघाला: दूध, दही, शेंगदाणे, वरी, फळाची फोड दर काही तासांनी, त्या दिवशी डापाग्लिफ्लोझिन नाही, आणि रात्री सोमवार सोडताना वरण. देवाने हरकत घेतली नाही असं काकींनीच नंतर सांगितलं.

आणि खाडी. कालवं खडकाला घट्ट असतात, कोयतीने काढताना हातापायांना चिरा पडतातच. खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो. धडधाकट माणसाला तो सहसा फार त्रास देत नाही, पण यकृत वणांनी भरलेलं आणि वर मधुमेह, अशा माणसाच्या जखमेतून तो शिरला तर तासातासाला स्थिती बिघडते. काकींचा हा धंदा बंद करा म्हणणं मला शोभलं नसतं. रबरी बूट, जाड हातमोजे, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, आणि खाडीतून आल्यावर जखम लाल होऊन ताप आला तर सकाळची वाट न पाहता यायचं. कालवं नीट शिजवूनच खायची, आणि त्या ती शिजवूनच खातात. हिपॅटायटिस ए आणि बी च्या लसी दिल्या.

वर्षानंतर

वजन ५१.५, कंबर ८३. एचबीए१सी ७.१. एसजीओटी ३३, एसजीपीटी २८, प्लेटलेट १ लाख ६८ हजार. फिब-४ मांडला तर २.३. फायब्रोस्कॅन ११.४.

१३.८ वरून ११.४ हा फरक ऐकायला छान आहे, पण या यंत्राच्या दोन मोजण्यांत एवढा फरक उगाचही पडू शकतो. पाव ते एक तृतीयांश उतार दिसला तरच सुधारणा खात्रीची मानावी. म्हणून काकींना सांगितलं की चढण थांबलेली दिसते, उतार लागला का ते पुढच्या वर्षी बघू. दोन्ही सोनोग्राफींत गाठ नाही. पायाला सूज नाही. बूट घालतात.

आमच्या दवाखान्यात यानंतर एक पद्धत बसली. मधुमेहाचा प्रत्येक रुग्ण, वय ३५ च्या वर, थंडीच्या दिवसांत एसजीओटी, एसजीपीटी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, प्लेटलेट त्यातच येतात) एकत्र, एकाच दिवशीच्या रक्तातून. हे "एकत्र" महत्त्वाचं आहे, कारण पुष्कळ पॅकेजांत नुसतं एसजीपीटी असतं आणि मग गणितच मांडता येत नाही. सिस्टर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा काढून केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहितात, शेजारी गेल्या वेळचा. १.३ च्या खाली असेल तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा. मधला असेल तर गोव्याची चिठ्ठी. मोठा असेल तर चिठ्ठीबरोबर नातेवाइकाला फोनही.

काकींचा मुलगा मुंबईत नोकरीला असतो, वय ३८. गणपतीला आला तेव्हा आईबरोबर दवाखान्यात आला, स्वतःला काही होत नाही असं सांगत. वजन ८६, कंबर १०४, एचबीए१सी ६.१. एसजीओटी ३४, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख ६२ हजार. फिब-४ ०.६२. सोनोग्राफीत ग्रेड २, आईपेक्षा वरचा. वण पडल्याची शक्यता सध्या कमी, चरबी आणि सूज भरपूर, आणि मधुमेह अजून झालेला नाही. त्याला आठ किलोंचं लक्ष्य दिलं आहे आणि पुढचं रक्त शिमग्याला गावी येईल तेव्हा.